तिरफळाचा थर

माझी सवत आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत राहते, हे मला शहराच्या वारसा समितीनं सांगितलं. सांगायला आलेली मुलगी मोठी गोड होती. तिला वाटलं, मला आनंद होईल.

आता सवत म्हणजे पदर खोचून भांडायला समोर उभी असलेली बाई नव्हे. हर्षदा, माझ्या नवऱ्याची पहिली बायको, मी अमेरिकेत पाऊल ठेवायच्या कितीतरी आधी गेली. मी तिला पाहिलं ते फोटोतच. जिवंत सवतीचं एक बरं असतं. ती घोरते, जाड होते, तिचे गुडघे धरतात. गेलेली बाई कायम पस्तिशीची राहते आणि तिच्या हातचं मीठ कधीच जास्त पडत नाही.

आम्ही राहतो ते हार्लन्स फोर्ज, ओहायोतलं नदीकाठचं लहानसं शहर. पूर्वी इथं लोखंडाची भट्टी होती. भट्टीच्या मालकाचं घर टेकडीवर, कामगारांची घरं खाली. लग्न होऊन जळगावाहून आले तेव्हा मला इथं कुणी ओळखत नव्हतं आणि माझं इंग्रजी ऐकून कुणाला ओळख वाढवायची हौसही येत नव्हती. म्हणून मी वाचनालयात जाऊन बसायची आणि शहराची जुनी वर्तमानपत्रं वाचायची. वाचता वाचता इतकं काही साठलं, की स्थानिक इतिहास मंडळानं मला शनिवारची फेरी दिली. आलेल्या पाहुण्यांना जुनी घरं दाखवायची. त्या कामात मी एक गोष्ट शिकले. घराला पितळी फलक लागला, की माणसं त्या घराकडे बघायचं सोडतात. फलक वाचतात, मान डोलावतात आणि विचारतात, इथं बाथरूम कुठं आहे.

मग घरांची टंचाई आली. शाळेतल्या शिक्षिका, नर्सा, बसचे ड्रायव्हर, कुणालाच शहरात राहायला परवडेना. राज्यानं कायदा केला, की जुन्या वस्तीत एकेका कुटुंबाच्या घराच्या जागी सहा सहा कुटुंबांच्या इमारती उभारायच्या. कायदा चुकीचा म्हणवत नाही, पण आमच्या वस्तीनं गिल्ला केला. शेवटी तडजोड निघाली. प्रत्येक प्लॉटवरची एक खोली, एकच, जशी आहे तशी राखायची आणि नवी इमारत तिच्याभोवती बांधायची. तिला 'साक्षीची खोली' म्हणायचं. कोणती खोली? तर जिथं माणसं खरोखर जगली ती. पूर्वी जुन्या घराचं मोल ठरवायला मालकाचं नाव आणि खांबांची नक्षी बघत. आता यंत्र आलं होतं.

यंत्राचं नाव लांबलचक आहे. मी त्याला भिंतवाचक म्हणते. टेस ओलेनिक नावाची वारसा समितीची तंत्रज्ञ ते खांद्याला अडकवून आली. तिनं मला समजावलं ते असं. भिंत जड दिसते, पण ती आतून पावासारखी जाळीदार असते. आपण फोडणी करतो तेव्हा तेलाचे बारीक कण वाफेबरोबर उडतात आणि भिंतीत मुरतात. हात लावला, की त्वचेचं तेल मुरतं. काही वर्षांनी कुणीतरी वरून रंग देतं आणि खालचं सगळं बंद होऊन जातं. पुन्हा वरून वास, पुन्हा रंग. झाडाच्या खोडात वलयं असतात तसे हे थर. यंत्र प्रकाशाचा एक सूक्ष्म टोला मारून भिंतीची चिमूटभर धूळ उडवतं आणि धुळीतल्या एकेका रेणूचं वजन करतं. वजनावरून ओळखतं, हे डुकराच्या चरबीचं, हे कांद्याचं, हे माणसाच्या कपाळाचं. जुनं तेल हवेनं बदलत जातं, त्यामुळे वयही कळतं.

"सगळं कळतं?" मी विचारलं.

"मीठ नाही कळत," टेस म्हणाली. "मीठ वासाबरोबर उडत नाही ना."

या यंत्रानं शहरात काय काय केलं, ते वेगळंच. टेकडीवरच्या मालकाच्या दिवाणखान्यात मेणाच्या पॉलिशशिवाय काही सापडलं नाही. खालच्या एका खाणावळीच्या भिंतीत मात्र कामगारांच्या तीन पिढ्यांची कोबीची भाजी निघाली. समितीला एकेक फलक उतरवून दुसरीकडे लावावा लागला. सुरुवातीला झोपायच्या खोल्याही वाचत. दोन संसार मोडल्यावर ते बंद केलं. आमची शेजारीण ब्रेंडा हिला आपला दिवाणखाना राखायचा होता, म्हणून ती महिनाभर तिथं विजेच्या शेगडीवर कांदे तळत बसली. यंत्रानं सांगितलं, तेल कोवळं आहे. तेव्हापासून ब्रेंडा टेसशी बोलत नाही.

तर टेसनं आमचं स्वयंपाकघर वाचलं. उल्हास, म्हणजे माझे यजमान, हात मागं बांधून उभे होते. आयुष्यभर राज्यातले पूल तपासले त्यांनी. भेगा बघताना ते असेच उभे राहतात. यंत्राची एक खोड आहे. सापडलेले रेणू ते पुन्हा जुळवून कागदाच्या पट्टीवर घालतं, अत्तराच्या दुकानात देतात तशी. टेसनं खालच्या थरापासून सुरुवात केली. सर्वांत जुना थर धुराचा आणि चरबीचा. मग कुणा हंगेरियन विधवेची लाल मिरची. मग एकीचे नुसते गोड केक. मग तिनं वरचा थर घेतला, पट्टी यजमानांच्या हातात दिली आणि म्हणाली, "हा मला ओळखता येत नाही. जिभेला झिणझिण्या आणणारं काहीतरी आहे. संत्र्याच्या सालीसारखं, पण नाही."

उल्हासनी पट्टी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"तिरफळ," ते म्हणाले. "बांगड्याच्या आमटीत घालतात आमच्या वेंगुर्ल्यात."

बास, एवढंच. पण ते डोळे लवकर उघडले नाहीत. मी ओट्याची कडा घट्ट धरून उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शेवभाजीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्यानं. असं कधी नाही.

"फार सुंदर थर आहे," टेस म्हणाली. "आणि एकाच व्यक्तीचा. त्वचेचं तेल एकीचंच आहे. बटणाजवळ, ओट्याजवळ, आणि सगळ्यांत जास्त खिडकीच्या चौकटीवर, कपाळाच्या उंचीला. तिच्यानंतर भिंतीला रंग लागलेला नाही. तिच्यानंतर खरं म्हणजे काहीच नाही." मग तिच्या लक्षात आलं असावं. "सुनी, तू स्वयंपाक करत नाहीस का?"

माझं नाव सुनेत्रा. इथं त्याचं सुनी झालं आहे. आणि मी स्वयंपाक करते, दोन वेळा करते. गॅरेजात करते.

हे आमच्या लोकांत नवीन नाही. फोडणीचा वास कोटांना लागतो, कोट ऑफिसला जातात, ऑफिसातले लोक नाक मुरडतात. म्हणून मागच्या गॅरेजात एक दुसरी शेगडी असते. मी आले त्याच आठवड्यात उल्हासनी ती जोडून दिली होती. "इथं सगळे तसंच करतात," असं म्हणाले होते. मी खुशीनं केलं. घर स्वच्छ ठेवलं. इतकं स्वच्छ, की त्यात मी राहिलेच नाही.

टेस गेल्यावर मी विचारलं, "अहो, मला गॅरेजात का पाठवलंत?"

"कोटांना वास लागतो म्हणून."

"हर्षदाच्या वेळी कोट नव्हते का?"

ते चष्मा पुसत बसले. तो तसाही स्वच्छच होता.

पुढचे काही दिवस मी चांगली वागले नाही. स्वयंपाकघरात कुणी नसताना भिंतीला नाक लावून बघितलं. काही आलं नाही, मला फक्त चुन्याचा वास आला, आणि त्याचाही राग आला. म्हणजे ती बाई यांना भेटते आणि मला भेटत नाही. खिडकीशी उभी राहून बघितलं. कपाळ टेकवून काय बघायची, बर्फ? पक्षी? मी मनात तिला एक शालही पांघरली. फार सुरेख दिसत होती.

मग मी तिरफळं मागवली. कोलंबसच्या दुकानदारानं कुठून तरी आणून दिली. जळगावच्या बाईनं बांगडा साफ करायचा म्हणजे काय, ते माझं मला माहीत. बिया काढायच्या असतात हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमटी कडू झाली. उल्हास खाली मान घालून जेवले.

"कशी झालीय?"

"छान."

"खरं सांगा."

"सुनेत्रा, मला तुझी शेवभाजी आवडते."

"मला काय विचारायचं होतं, ते तुम्हाला कळलंय."

"आणि मी काय सांगतोय, ते तुला कळलंय," ते म्हणाले, आणि काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

समितीची सुनावणी पंधरवड्यावर आली होती. नियम असा, की घराच्या दोन्ही मालकांनी एकाच खोलीचं नाव घ्यायचं. समितीच्या मनात स्वयंपाकघर होतं हे उघड होतं. म्हणजे बाकी घर पडणार, आमच्याभोवती पाच कुटुंबं येणार, आणि मधोमध हर्षदा कायमची काचेच्या दारामागे बसणार. मी जन्मभर तिच्या दारावरून जिना चढणार. मला रात्रीची झोप गोड लागेना. मी टेसला फोन केला.

"गॅरेज पण प्लॉटवरच आहे ना?"

"आहे की."

"मग तेही वाच."

टेस आली तेव्हा यजमान भाजी आणायला गेले होते. मी मुद्दामच पाठवलं होतं. आमचं गॅरेज म्हणजे विटांच्या तीन भिंती आणि एक वर सरकणारं दार. त्याला कधी रंगच लागला नाही, त्यामुळे थर नाहीत, सगळं एकात एक मुरलेलं. टेसनं यंत्र टेकवलं आणि लगेच मागं घेतलं. खोकली. शेगडीमागची वीट इतकी तिखट निघाली, की मापाचा काटा थांबेना. काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, दगडफूल, शेंगदाण्याचं तेल. मला हसू फुटलं. वाटलं, घे आता, हर्षदाबाई.

मग टेस दुसऱ्या भिंतीकडे वळली. तिथं एक जुनं लाकडी स्टूल असतं. "इथं काय आहे?" ती म्हणाली. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला विटेवर एक काळपट गोल डाग होता. मी रोज बघत असून कधी बघितला नव्हता.

"खोबरेल तेल," टेस यंत्र वाचत म्हणाली. "आणि एका पुरुषाच्या केसांतलं तेल. एकाचंच. फार खोलवर गेलंय. असा डाग मी अजून पाहिलेला नाही, सुनी. हा माणूस इथं वर्षानुवर्षं रोज डोकं टेकून बसलाय."

मी स्टुलावर बसले. तिथून शेगडी सरळ समोर दिसते. म्हणजे शेगडीशी उभी असलेली बाई सरळ दिसते. मी भाकरी थापायची, ते पुलांच्या गोष्टी सांगायचे. कुठला पूल म्हातारा झालाय, कुठला कुरकुरतो. मी त्यांना म्हणायची, आत जाऊन बसा, थंडी आहे. ते म्हणायचे, असू दे.

"स्वयंपाकघरात हा माणूस आहे का?" मी विचारलं.

टेसनं आधीचं वाचन पुन्हा उघडून बघितलं. "नाही. तिथं एकटीच आहे ती. मी सांगितलं होतं ना."

सांगितलं होतं. मला तेव्हा तिरफळाशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी उल्हास आले, पिशवीतून मेथी काढून निवडायला बसले. मी म्हटलं, "ओट्याजवळच्या खिडकीतून काय दिसतं हो?"

"गाडीवाट," ते म्हणाले. मग त्यांचे हात थांबले.

मीही मेथीची एक जुडी पुढे ओढली. बोलायला लागले असते, तर ते थांबले असते.

"मी तेव्हा महिन्यातले तीन आठवडे बाहेर असायचो," ते मेथीकडे बघत म्हणाले. "पूल कुठं कुठं असतात. आज येतो म्हणायचो आणि उद्या यायचो. आमटी झाकून ठेवलेली असायची. आणि ती गेली तेव्हाही मी एका पुलाखालीच होतो. नंतर त्या खोलीत पाणी प्यायलाही जाववेना. तू आलीस तेव्हा वाटलं, हिच्याजवळ बसावं. पण तिथं कसा बसणार? जिच्याजवळ बसलो नाही, तिच्यासमोर?"

"म्हणून गॅरेज."

"म्हणून गॅरेज. कोटाचं खोटं होतं."

टेस आल्यापासून मी त्या खोलीत तिचं राज्य आहे असं धरून चालले होते. राज्य कसलं, ती तिथं वाट बघत होती. मला तिची कीव आली. आणि खरं सांगायचं तर, कीव आली तरी मत्सर हलला नाही. त्यानं फक्त बसायची जागा बदलली. आजवर वाटायचं, ती यांना आवडायची. आता कळलं, की ती यांना टोचते. आवडलेली बाई माणूस विसरू शकतो.

"गॅरेज राखू," उल्हास म्हणाले. "तुझी खोली आहे ती. मी तसंच सांगेन."

मी मान हलवली.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. अध्यक्ष विटकर नावाचे वयस्क गोरे गृहस्थ, मोठे शांत. ब्रेंडा पहिल्या रांगेत. विटकरांनी विचारलं, "मिस्टर नार्वेकर, कोणती खोली?"

"गॅरेज," उल्हास खणखणीत आवाजात म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. या शहरानं आजवर गॅरेज राखलेलं नव्हतं. टेस मात्र हसत होती.

"मिसेस नार्वेकर?"

"स्वयंपाकघर," मी म्हटलं.

विटकरांनी चष्म्यावरून बघितलं आणि आम्हाला बाहेर जाऊन बोलून यायला सांगितलं. ब्रेंडानं तोवर पर्समधून चॉकलेट काढलं होतं, खेळ रंगणार म्हणून.

"अगं, आपलं गॅरेज ठरलं होतं ना?" बाहेर आल्या आल्या उल्हास म्हणाले.

"तुम्ही ठरवलंत. मी नुसती मान हलवली."

"मी तुझ्यासाठी म्हणालो."

"कळलं मला ते. म्हणून तर नको."

"हर्षदासाठी चांगुलपणा करतेयस?"

"माझ्यात तेवढा चांगुलपणा असता, तर तुम्ही दुसऱ्या लग्नाला उभे राहिला नसतात, घाबरला असतात." ते हसले, पण डोळे माझ्याकडेच होते. मी म्हटलं, "हे बघा. उद्या ती भिंत पाडली तर हर्षदा जाईल कुठं? तुमच्या डोक्यात. आधीच बरीचशी तिथंच आहे. तिथं मला झाडू मारता येत नाही. तिला इथंच राहू दे, फलक लावून, काचेचं दार लावून. शनिवारी दहा ते बारा. मी स्वतः लोकांना दाखवीन. तुम्हाला वाटलं तर तुम्हीही जाऊन बसा तिच्यापाशी. इतक्या वर्षांनी का होईना, बसा. पण बारा वाजता मी दार लावणार."

उल्हास भिंतीवरच्या जुन्या नगराध्यक्षांच्या तसबिरी बघत राहिले.

"आणि गॅरेज?"

"गॅरेजात काय आहे? तुमचं डोकं. ते इथं आहे."

आम्ही आत गेलो आणि दोघांनी स्वयंपाकघर सांगितलं. ब्रेंडाची निराशा झाली.

गॅरेज पाडलं त्या दिवशी मी बघायला थांबले नाही. टेसनं न विचारता ती डागाची वीट काढून मला आणून दिली. मी ती परत तिच्या गाडीत ठेवली. म्हटलं, तुझ्या यंत्राला शिकायला उपयोगी पडेल.

नव्या इमारतीत आम्हाला वरचा मजला मिळाला. खाली एक नर्स, एक ड्रायव्हर, एका शिक्षिकेची तीन मुलं. रंगाच्या वेळी कंत्राटदारानं मला नमुने दाखवले. हा ओल्या फडक्यानं पुसता येतो, म्हणाला, तेलाचा डाग राहत नाही. मी त्याला म्हटलं, तो सोडून कुठलाही दे. चिमणीचा पंखा मी लावतच नाही. धुराचा भोंगा अधूनमधून ओरडतो, शिक्षिकेची मुलं वर येऊन विचारतात, आज काय केलंय. उल्हास शेगडीसमोरच्या भिंतीला खुर्ची लावून बसतात, ठसकतात, पुलांच्या गोष्टी सांगतात. भिंतीवर अजून काही उमटलेलं नाही. मी कधी कधी तिरकी उभी राहून उजेडात बघते. मला वाटतं, एक सावली धरू लागली आहे.

शनिवारी मी खाली साक्षीच्या खोलीचं दार उघडते. उल्हास फेरीच्या आधी येतात, खिडकीजवळ थोडा वेळ बसतात. मी तेवढ्यात बाहेर झाडून घेते. मग पाहुणे येतात. मी त्यांना थर सांगते, कामगारांची चरबी, हंगेरियन विधवा, केकवाली, आणि शेवटी तिरफळाची पट्टी फिरवते. लोक हुंगतात. मागच्या शनिवारी एक बाई डोळे मिटून म्हणाली, "काय सुंदर. ही बाई अप्रतिम स्वयंपाक करत असणार."

"करायची," मी म्हटलं. "मीठ तेवढं जरा जास्त पडायचं."

पट्ट्या घालायला समितीनं ठेवलेलं यंत्र कोपऱ्यात गप्प होतं. मिठाबद्दल त्याला काही बोलताच येत नाही.